सह्याद्रीतील मुक्कामासाठी हलकी स्लीपिंग बॅग की रजई?

सांगवी, पिंपळे गुरव, दापोडी या मुळा-पवनेकाठच्या वस्त्यांतून आणि चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यातून सह्याद्रीत पाठीवर सॅक घेऊन जाणाऱ्यांचा मुक्काम बहुधा एका रात्रीचा, क्वचित दोन रात्रींचा असतो. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी येते, आणि बुधवारी पाळी सुटल्यावर दापोडीहून लोकल पकडून मळवली किंवा लोणावळा गाठायचे, अथवा चाकण-नारायणगाव मार्गाने जुन्नरच्या डोंगरांत शिरायचे व दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत घरी परतायचे, असा त्यांचा क्रम असतो. इतक्या थोड्या वेळात चढ, उतार आणि परतीचा प्रवास बसवावा लागत असल्याने सॅकमधील प्रत्येक अनावश्यक किलो चालण्याच्या वेगावर आणि उतरताना गुडघ्यांवर आपला भार टाकतो. या ओझ्यातील सर्वांत जड वस्तू तीन, म्हणजे स्वतः सॅक, तंबू आणि अंथरूण-पांघरूण. त्यांपैकी तिसऱ्या वस्तूचे वजन कमी करण्यास पैशापेक्षा विचार अधिक लागतो. प्रत्यक्षात मात्र खरेदी उलट्या क्रमाने होते, कारण कधीतरी हिमालयात जायचे आहे या कल्पनेने उणे तापमानाची जाडजूड बॅग घेतली जाते आणि पुढची कित्येक वर्षे तीच बॅग राजमाची व हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर वाहिली जाते. ज्या रात्री खरोखर बाहेर झोपायचे आहे त्या रात्रींच्या तापमानावरून पांघरूण निवडावे, त्याआधी अंथरुणाचा विचार करावा, आणि हिमालयाची गरज भाड्याने भागवावी, हे या लेखातील प्रतिपादन आहे.

प्रथम रात्रीचे तापमान. सांगवी समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तर कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरवर. उंची हजार मीटरने वाढली की हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते, या सर्वसाधारण नियमाप्रमाणे पुण्यात पहाटे १२ अंश असतील तर शिखरावर पाच अंशांच्या आसपास तापमान अपेक्षित धरावे. परंतु हा नियम ढगाळ किंवा वाहत्या हवेच्या रात्री जितका खरा ठरतो तितका निरभ्र, निवांत हिवाळी रात्री ठरत नाही. अशा रात्री जमीन आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करून झपाट्याने थंड होते, तिला लागून असलेली हवा गार व जड होऊन उतारांवरून खाली ओघळते आणि दऱ्यांत, तळ्यांकाठी, नदीपात्रांत साचून राहते. परिणामी गडाच्या माथ्यापेक्षा पायथ्याच्या सपाटीवर पहाट अधिक बोचरी होऊ शकते. महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या परिसरात काही हिवाळ्यांत गवतावरचे दव गोठते आणि त्याच सकाळी वेधशाळेतील पारा शून्याच्या बराच वर असतो, त्याचे कारण हेच आहे. पुणे शहरातही १९३५ च्या जानेवारीत १.७ अंश इतके नीचांकी तापमान नोंदले गेले होते. एरवी डिसेंबर-जानेवारीत सह्याद्रीच्या मुक्कामांवर पहाटेचे तापमान बहुतेक वेळा ६ ते १२ अंशांच्या पट्ट्यात राहते, असे धरून चालावे. मार्च ते मे या काळात रात्री उबदार असतात, आणि पावसाळ्यात थंडीपेक्षा ओल हीच खरी अडचण असते.

पांघरूण स्वतः ऊब निर्माण करत नाही. ऊब शरीर निर्माण करते. पांघरूण ती निसटण्याचा वेग कमी करते, आणि तेही आपल्या तंतूंमध्ये अडकलेल्या स्थिर हवेच्या बळावर, कारण स्थिर हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. पांघरुणाच्या या फुगलेल्या जाडीला ट्रेकिंगच्या परिभाषेत ‘लॉफ्ट’ म्हणतात, आणि हलक्या बॅगेचा सगळा विचार कमीत कमी वजनात जास्तीत जास्त लॉफ्ट मिळवण्याचा आहे. यातूनच एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते: झोपलेल्या माणसाच्या वजनाने जो भाग दबतो त्यातील हवा निघून जाते, आणि म्हणून स्लीपिंग बॅगेचा पाठीखालचा भाग जवळजवळ काहीच काम करत नाही. पाठीखालून निसटणारी उष्णता रोखण्याचे काम मॅटचे असते.

म्हणूनच पांघरुणाआधी मॅट निवडावी. किल्ल्यांवरील लेणी, देवळांचे सभामंडप आणि पडव्या यांच्या फरशा दगडी असतात, दगड उष्णता वेगाने खेचून घेतो, आणि हरिश्चंद्रगडावरील गुहेत उत्तम बॅग असूनही कुडकुडणारा माणूस बहुधा वरून नव्हे, तर खालून गारठलेला असतो. मॅटची उष्णतारोधकता आर-मूल्य या अंकाने सांगितली जाते. अंक जितका मोठा तितका विरोध अधिक. पूर्वी प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने हा अंक काढत असे, २०१८ साली अमेरिकेतील एएसटीएम या मानक-संस्थेने त्यासाठी एकच चाचणी ठरवली, आणि त्यानंतर निरनिराळ्या कंपन्यांच्या मॅटची तुलना करणे शक्य झाले. सर्रास मिळणाऱ्या साध्या फोमच्या कॅरीमॅटचे आर-मूल्य एकच्या आसपास असते, घडी घालता येणाऱ्या खाचदार फोम-मॅटचे दोनच्या जवळ जाते, आणि बर्फावर झोपण्यासाठी पाच किंवा अधिक आर-मूल्य लागते. सह्याद्रीच्या हिवाळ्यास दोन पुरेसे आहे. येथे एक सोय लक्षात ठेवण्याजोगी आहे, ती म्हणजे एकावर एक ठेवलेल्या मॅटच्या आर-मूल्यांची बेरीज होते, त्यामुळे जुनी कॅरीमॅट टाकून न देता तिच्यावर दुसरी पातळ मॅट पसरली तरी काम भागते. हवा भरण्याच्या मॅट अधिक मऊ व लहान घडीच्या असतात, परंतु करवंदीच्या काट्यांनी आणि मुरमाच्या टोकदार खड्यांनी त्या फुटण्याची धास्ती राहते. ज्याला दुरुस्तीची चिकटपट्टी सोबत बाळगण्याची सवय नाही, त्याने फोमवरच भिस्त ठेवणे शहाणपणाचे आहे.

पाठीखालचा थर निरुपयोगी ठरत असेल तर तो वाहायचाच कशाला, या प्रश्नातून ट्रेकिंगची रजई जन्माला आली. दुकानांत जिला ‘क्विल्ट’ म्हणतात ती ही रजई म्हणजे पाठ नसलेली स्लीपिंग बॅग होय: वरून व दोन्ही बाजूंनी अंग झाकणारी, पायाकडे पिशवीसारखी बंद, डोक्यावर टोपी नसलेली, आणि मॅटखालून जाणाऱ्या दोन पट्ट्यांनी कडा आवळून ठेवता येणारी. रे जार्डिन या अमेरिकन गिर्यारोहकाने १९९० च्या दशकात लांब पल्ल्याच्या पदभ्रमणासाठी घरी शिवलेल्या अशा रजईचा हिरिरीने पुरस्कार केला. चेन, टोपी आणि पाठीचा थर वगळल्यामुळे तेवढ्याच उबेची रजई बॅगेपेक्षा लक्षणीय हलकी होते. कूस बदलणाऱ्यास, पाय पसरून झोपणाऱ्यास किंवा बंद पिशवीत जीव घाबरणाऱ्यास ती सोयीची पडते. उकडल्यास एक पाय बाहेर काढता येतो आणि गारठल्यास कडा अंगाखाली खोचता येतात, त्यामुळे तापमानाचा मोठा पट्टा ती एकटी सांभाळते. तिची उणीवही तितकीच स्पष्ट आहे. कूस बदलताना कड उचलली गेली की गार वाऱ्याची झुळूक आत शिरते, आणि तापमान शून्याच्या खाली गेल्यावर ही झुळूक सहन होण्याजोगी राहत नाही. टोपी नसल्याने डोक्यासाठी लोकरी माकडटोपी वेगळी घ्यावी लागते, परंतु ती हिवाळ्यात सॅकमध्ये असतेच. सह्याद्रीत पारा शून्यापर्यंत सहसा पोहोचत नाही, आणि म्हणून या डोंगरांसाठी रजई हे अधिक योग्य साधन आहे असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. याला अपवाद उघड्या माथ्यावर वाऱ्यात तंबूविना झोपणाऱ्याचा. त्याने टोपी व चेन असलेली, शरीराच्या आकाराप्रमाणे पायाकडे निमुळती होणारी बॅग घ्यावी. अशा आकाराला ‘ममी’ म्हणतात. आयताकृती बॅग ऐसपैस असते, पण तिच्यातील मोकळी हवा शरीराला तापवावी लागते, आणि जास्तीच्या कापडाचे वजनही वाहावे लागते.

बॅगेच्या पिशवीवर छापलेले तापमान वाचण्यात सर्वाधिक फसगत होते. आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, आणि त्याआधीच्या ईएन १३५३७ या युरोपीय मानकानुसार, संवेदक बसवलेला तापवता येणारा पुतळा पूर्ण बाह्यांचे अंतर्वस्त्र व मोजे घालून, मॅटवर, बॅगेच्या आत थंड खोलीत ठेवला जातो आणि त्यावरून तीन अंक काढले जातात. पहिला अंक ‘कम्फर्ट’ म्हणजे सुखाचा, ज्या तापमानाला प्रमाण मानलेली स्त्री सैल अंगाने आरामात झोपू शकते. दुसरा ‘लिमिट’ म्हणजे मर्यादेचा, ज्या तापमानाला प्रमाण मानलेला पुरुष अंग आखडून, पण कुडकुडल्याशिवाय रात्र काढू शकतो. तिसरा ‘एक्स्ट्रीम’, ज्या तापमानाला जीव वाचण्याची शक्यता असते, परंतु शरीराचे तापमान घातक पातळीवर उतरण्याचा, म्हणजेच हायपोथर्मियाचा, धोका खराच असतो. विक्रेते पुष्कळदा तिसरा किंवा दुसरा अंक ठळक अक्षरांत दाखवतात. ग्राहकाने, स्त्री असो वा पुरुष, केवळ पहिला अंक पाहावा, आणि तो कुठेच छापलेला नसेल तर ती बॅग परत ठेवावी. स्त्रियांना, कृश व्यक्तींना आणि उतारवयातील ट्रेकर्सना थंडी अधिक लागते, हे ध्यानात घेऊन त्यांनी अपेक्षित तापमानापेक्षा आणखी तीन-चार अंश खालचा कम्फर्ट अंक निवडणे इष्ट. रजईच्या बाबतीत ही चाचणी सहसा झालेली नसते, तिच्यावरील अंक बहुधा उत्पादकाच्या स्वतःच्या अंदाजाचा असतो. त्यामुळे तेथे भरावाचे वजन व जाडी यांवरूनच निर्णय घ्यावा लागतो.

भरावाचे प्रकार मुख्यतः दोन. पहिला डाऊन, म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवरील मोठ्या पिसांखालची मऊ लव. तिची प्रत ‘फिल पॉवर’ या अंकाने सांगतात. ८०० फिल पॉवरची एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम लव मोकळी फुगली की साधारण १३ लिटर जागा व्यापते, आणि तीच जागा भरण्यास ६०० फिल पॉवरची लव एक-तृतीयांशाने अधिक लागते. वजनाच्या तुलनेत ऊब आणि दाबून लहान होणारी घडी या दोन्ही बाबतींत डाऊनला तोड नाही. मात्र ओली झाली की लव गोळा होते, लॉफ्ट नाहीसा होतो आणि ती वाळण्यास फार वेळ लागतो. दुसरा प्रकार पॉलिएस्टरच्या कृत्रिम तंतूंचा. यातील प्राइमालॉफ्ट हा भराव १९८० च्या दशकात अमेरिकन सैन्यासाठी, पाण्याने न खचणारा डाऊनचा पर्याय म्हणून विकसित झाला. कृत्रिम भराव तेवढ्याच उबेस अधिक जड असतो आणि वर्षानुवर्षे दाबून ठेवल्यास त्याची फुगण्याची क्षमता कमी होत जाते, परंतु पॉलिएस्टरचे तंतू पाणी जवळजवळ शोषत नाहीत, म्हणून भिजूनही तो बरीच ऊब राखतो आणि वाऱ्यावर लवकर वाळतो.

सह्याद्रीची हवा पाहता यांतील निवड अवघड नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहाटे दव इतके पडते की उघड्यावर झोपणाऱ्याच्या पांघरुणाची बाहेरची बाजू ओलीचिंब होते. बंद तंबूत श्वासातील बाष्प छतावर जमून खाली टपकते. आणि घरी परतल्यावर दमट हवेत बॅग नीट सुकवण्यास गॅलरीखेरीज जागा नसते. अशा ठिकाणी दीड-दोनशे ग्रॅम अधिक वाहून कृत्रिम भराव घेणे हा सुज्ञ सौदा आहे, आणि त्याची किंमतही कमी असते. डाऊन त्यांनी घ्यावे, ज्यांचे हिमालयात, लडाखात किंवा अन्य कोरड्या थंडीत वरचेवर जाणे होते. ज्यांना प्राण्यांच्या पिसांविषयी नैतिक आक्षेप आहे त्यांच्यासाठी तर प्रश्न उरतच नाही. इतरांनी निदान जिवंत पक्ष्यांची पिसे उपटून भराव मिळवलेला नाही याची हमी देणारे प्रमाणपत्र पाहूनच डाऊन खरेदी करावे.

महाराष्ट्राच्या घराघरांत शिवली जाणारी गोधडी येथे विचारात घ्यावीच लागते, कारण अनेकांचा पहिला गडमुक्काम तिच्यातच झालेला असतो आणि तिच्या गुणदोषांतून हलक्या रजईचे तत्त्व नेमके समजते. गोधडीत जुन्या साड्या-धोतरांचे थर एकावर एक ठेवून सबंध अंगभर दाट धावदोरा घातला जातो. हे टाके थरांना घट्ट बांधतात, म्हणून गोधडी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. परंतु त्याच टाक्यांमुळे थरांमधील हवा निघून जाते, आणि सुती कापड हवेतील बाष्प शोषून आणखी जड होते. परिणामी तिची ऊब मुख्यतः कापडाच्या वजनातून मिळते. ट्रेकिंगच्या रजईत नेमके याच्या उलट करायचे असते: भराव फुगलेला राहील इतकेच टाके, तेही शक्यतो कडेला. आरपार टाका जिथे जिथे पडतो तिथे जाडी शून्य होते आणि त्या रेषेतून थंडी आत येते. स्वस्त बॅगांमध्ये हे आरपार टाके सर्वत्र असतात, तर चांगल्या डाऊन बॅगांमध्ये दोन कापडांच्या मध्ये जाळीच्या उभ्या पट्ट्या लावून खण पाडलेले असतात. बॅग उजेडासमोर धरली की हा फरक डोळ्यांना दिसतो.

शिवणकाम येणाऱ्या किंवा ओळखीचा शिंपी असणाऱ्या वाचकास अशी रजई घरीच करता येईल, आणि हा मार्ग आपल्याकडे फारच थोडे अनुसरतात याचे वाईट वाटावे. लागणारे साहित्य मोजके आहे. वरचे व आतले कापड म्हणून प्रति चौरस मीटर ४० ते ५० ग्रॅम वजनाचे, दाट विणीचे, वारा अडवणारे नायलॉन किंवा पॉलिएस्टर घ्यावे. भरावासाठी अखंड लांब तंतूंची पॉलिएस्टरची पट्टी सर्वांत उत्तम, कारण ती आपसूक एकसंध राहते आणि मध्ये टाके घालावे लागत नाहीत. गादी-उशीवाल्यांकडील तुकड्या-तुकड्यांच्या तंतूंच्या भरावाचे एका बाजूला सरकून गोळे होतात, म्हणून तो टाळावा. अमेरिकेतील रजई शिवणाऱ्या छोट्या व्यावसायिकांच्या ठोकताळ्यानुसार अखंड तंतूंचा प्रति चौरस मीटर सुमारे ८५ ग्रॅमचा भराव १० अंशांपर्यंत, सुमारे १२० ग्रॅमचा ४ अंशांपर्यंत आणि सुमारे १७० ग्रॅमचा शून्याच्या जरा खालपर्यंत पुरतो. अर्थात पुरेशी मॅट, कोरडे कपडे आणि टोपी गृहीत धरून. साधारण १७० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी १९५ सेंटिमीटर लांब, खांद्यांपाशी सुमारे १३५ व पायाशी सुमारे १०५ सेंटिमीटर रुंद रजई पुरते, आणि पायाकडील ५० सेंटिमीटरचा भाग शिवून पिशवीसारखा बंद करावा. हे क्षेत्रफळ २.३४ चौरस मीटर भरते. दोन्ही बाजूंचे ४५ ग्रॅमचे कापड आणि १२० ग्रॅमचा भराव मिळून प्रति चौरस मीटर २१० ग्रॅम होतात, आणि नाडी व पट्ट्या धरून संपूर्ण रजई ५५० ग्रॅमच्या आत बसते. दुकानातील साध्या कृत्रिम बॅगा पुष्कळदा सव्वा ते दीड किलोच्या असतात, हे लक्षात घेतल्यास यातून साधणारी बचत सॅक उचलताच जाणवण्याइतकी आहे.

विकत घेणाऱ्याने सह्याद्रीच्या हिवाळ्यासाठी ५ ते ८ अंश कम्फर्ट अंकाची, एक किलोच्या आतील वस्तू शोधावी, आणि त्याहून थंड रात्र आलीच तर सोबतचे जॅकेट अंगात घालून झोपावे. उन्हाळ्यात पातळ सुती किंवा रेशमी लायनर, म्हणजे चादरीची शिवलेली पिशवी, पुरते. रेशमी लायनर दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो आणि हिवाळ्यात तोच बॅगेच्या आत घालून ती घामाच्या व धुळीच्या डागांपासून वाचवता येते. पावसाळ्यात लायनर आणि तो कोरडा ठेवणारी जाड प्लास्टिकची पिशवी एवढे पुष्कळ आहे. हिमालयातील संघटित मोहिमांवर, सार पास किंवा हामटा पाससारख्या चार हजार मीटरपलीकडच्या वाटांवर, आयोजक संस्था बहुधा बॅग पुरवतात. स्वतंत्रपणे जाणाऱ्यास पायथ्याच्या गावांत व पुण्यातही त्या भाड्याने मिळतात. तेथे फक्त आपला लायनर न्यावा.

दुकानात बॅग केवळ पाहून समाधान मानू नये. जमिनीवर मॅट टाकून तिच्यात शिरावे. खांद्यांपाशी कापड ताणले जात असेल तर तेथील भराव दबून थंडी लागणार. पायांपाशी वीतभराहून अधिक मोकळी जागा उरत असेल तर ती रात्रभर गारच राहणार. चेनीच्या मागे भरलेली पट्टी आहे का, अंधारात एका हाताने चेन सरकते का, कापडात अडकते का, हे तपासावे. पिशवीसकट वजन दुकानातील काट्यावर करून घ्यावे. बाहेरच्या कापडाचा बारीकपणा ‘डेनियर’ या एककात सांगतात, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. १० डेनियरचे कापड अतिशय हलके असले तरी लेण्यांतील खडबडीत दगडावर चटकन फाटते, त्यामुळे २० किंवा ३० डेनियरचे कापड या डोंगरांना अधिक मानवते.

झोपण्याच्या पद्धतीतही उबेचा मोठा वाटा असतो. जेवून, लघवीला जाऊन आणि घामाचे कपडे बदलून मगच आत शिरावे. नाक-तोंड बॅगेच्या आत घेऊ नये, कारण श्वासातील बाष्पाने भराव ओलसर होतो. घट्ट मोजे घालू नयेत. शक्य असेल तेथे छताखाली किंवा निदान झाडाखाली झोपावे, कारण उघड्या आकाशाखाली दवही अधिक पडते आणि पांघरुणाची उष्णताही वेगाने उत्सर्जित होते. सायंकाळी बॅग आधीच पसरून ठेवल्यास तिला फुगण्यास वेळ मिळतो, पण मुक्काम पडवीत असो वा गुहेत, आत शिरण्यापूर्वी ती झटकून टॉर्चने पाहावी. विंचू किंवा कीटक आत शिरलेले असू शकतात. किल्ल्यावर किंवा शिखरावर रात्री राहण्यास मनाई आहे का, याची पुरातत्त्व व वन विभागाकडे आधी चौकशी करावी, आणि मनाई असल्यास पायथ्याच्या गावात, म्हणजे कळसूबाईसाठी बारीत किंवा राजमाचीसाठी उधेवाडीत, एखाद्या घराच्या ओसरीवर उतरावे.

घरी आल्यावर बॅग कोंबायच्या लहान पिशवीत ठेवू नये. सावलीत पूर्ण वाळवून, सैल सुती अभ्र्यात घालून कपाटावर मोकळी ठेवावी. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पंख्याखाली पसरावी, अन्यथा बुरशीचा वास लागतो. धुण्याची वेळ वर्षा-दोन वर्षांतून एकदाच यावी, तीही सौम्य साबणाने, हाताने, पिळे न देता. आणि नवी बॅग किंवा शिवलेली रजई गडावर नेण्यापूर्वी डिसेंबरातील एक रात्र तिच्यासह इमारतीच्या गच्चीवर, त्याच मॅटवर आणि त्याच कपड्यांत काढावी, उशाशी साधा तापमापक ठेवावा. सांगवीच्या नदीकाठी १२ अंशांवरच पाठ गार पडली तर मॅट बदलावी, छाती व खांदे गार पडले तर भराव वाढवावा, आणि मध्यरात्री घाम आला तर कळसूबाईसाठी तेवढेच पांघरूण पुरेल असे धरून चालावे.